रस्ता कधीच मुका नव्हता

५ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाउसकडे जाणाऱ्या सिक्स्टीन्थ स्ट्रीटवर, महापौर म्युरिएल बाउझर यांच्या आदेशाने ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ (कृष्णवर्णीयांचे जीव मोलाचे आहेत) हे शब्द रंगवले गेले. पिवळी अक्षरे, प्रत्येकाची उंची ३५ फूट. मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांची मान गुडघ्याखाली नऊ मिनिटांहून अधिक काळ दाबून त्यांचा जीव घेतला, त्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांपुढे अशाच चित्राच्या मंजुरीचा प्रश्न आला आणि तीन आक्षेप पुन्हा पुन्हा घेतले गेले. रस्ता सर्वांचा, तिथे एका बाजूचे म्हणणे नको. एकाला परवानगी दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. आणि रंगाने अन्याय मिटत नाही. तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. तरीही माझे मत असे की, शहराने रीतसर ठराव करून असे चित्र मंजूर करणे योग्य आहे. त्या चित्राला वजन येते तेच मुळी या मंजुरीमुळे.

रस्ता तटस्थ असावा, हा पहिला आक्षेप. पण अमेरिकेतला रस्ता तटस्थ होता कधी? व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली १८९० पासून घोड्यावर बसून होता. तो पुतळा उतरला २०२१ मध्ये. टल्सा शहरातली ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने जाळली. सुमारे ३५ चौकांचा परिसर बेचिराख झाला. रहिवाशांनी ती पुन्हा उभी केली, तर काही दशकांनी तिच्यातून महामार्ग नेण्यात आला. पुतळा कोणाचा उभारायचा, महामार्ग कोणाच्या घरांवरून न्यायचा, हे निर्णय सार्वजनिक सत्तेनेच घेतले होते. तेव्हा रस्त्याने बाजू घेतल्याची तक्रार ज्यांना सुचली नाही, त्यांना ती नेमकी या अक्षरांपाशी सुचावी, याला तटस्थता म्हणता येत नाही. ‘सर्वांचेच जीव मोलाचे’ हे उत्तरही अपुरे आहे. कायद्याचे समान संरक्षण १८६८ पासून अमेरिकेच्या संविधानात लिहिलेले आहे. जे लिहूनही एका समाजाच्या वाट्याला पुरते आले नाही, त्याची आठवण त्या समाजाचे नाव घेऊनच द्यावी लागते. त्यात इतरांचे काहीही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि टल्सामध्ये तो खराही ठरला. २०२० च्या जूनमध्ये ग्रीनवूड अ‍ॅव्हेन्यूवर हीच अक्षरे परवानगीविना रंगवली गेली. पोलिसांच्या समर्थकांनीही आपल्या घोषणेसाठी रस्ता मागितला, तेव्हा शहराकडे सांगण्याजोगा नियमच नव्हता. ऑक्टोबरमध्ये अक्षरे काढली गेली. यातून निघणारा धडा मात्र आक्षेपकांच्या विरुद्ध जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये युटामधल्या एका उद्यानाच्या खटल्यात स्पष्ट केले की, तिथे कायमची स्मारके मांडताना शहर स्वतः बोलत असते, म्हणून प्रत्येकाचे स्मारक स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. २०२२ मध्ये त्याच न्यायालयात बॉस्टन शहर हरले, कारण आपल्या ध्वजस्तंभावर कोणाचाही झेंडा न तपासता चढू देण्याची प्रथा त्याने पाडली होती आणि मग एकच धार्मिक झेंडा नाकारला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की वाट दिसते. शहराने मजकूर स्वतः ठरवावा, खुल्या सभेत चर्चा करून मतदानाने संमत करावा आणि आपल्या नावाने लिहावा. मग ‘एकाला दिले, आम्हालाही द्या’ हा दावा लंगडा पडतो. ज्यांना तो मजकूर अमान्य असेल, त्यांच्यासाठी पुढची निवडणूक आहेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो चळवळीतूनच आला. वॉशिंग्टनमधल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या स्थानिक शाखेने त्या अक्षरांना खऱ्या सुधारणांवरून लक्ष उडवणारा देखावा म्हटले. दुसऱ्याच दिवशी कार्यकर्त्यांनी शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत पोलिसांचा निधी काढून घेण्याची मागणी रंगवली. ही टीका रास्त होती, आणि तिला बळ त्या अक्षरांनीच पुरवले. शहराने लिहून ठेवलेले शब्द उद्या त्याच्याच तोंडावर वाचून दाखवता येतात. बंद दाराआड दिलेल्या आश्वासनाचे तसे होत नाही. ९ जूनला शहर परिषदेने मान आवळण्यावर बंदी घालणारा आणि गंभीर बळाच्या वापरानंतर बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण खुले करायला लावणारा तातडीचा कायदा एकमताने संमत केला. तो रंगामुळे झाला असे कोणी म्हणू नये. तो रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे झाला. पण अक्षरांमुळे सुधारणा अडते, हे मात्र त्या आठवड्याने खोटे ठरवले.

अक्षरे इतकी निरुपद्रवी असती, तर त्यांच्यामागे कोणी लागले नसते. २०२५ च्या मार्चमध्ये, जॉर्जियाच्या एका खासदाराने ती न काढल्यास वॉशिंग्टनचा वाहतूक निधी रोखण्याचे विधेयक आणल्यावर, महापौरांनीच माघार घेतली आणि जॅकहॅमरने तो रस्ता उखडला गेला. ज्या शहराला काँग्रेसमध्ये मताधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही, त्याला आपल्या रस्त्यावर काय लिहावे हेही ठरवता आले नाही. पण पुसला गेलेला शब्दही वाया जात नाही. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेने एकही बेडी तुटली नाही, पण लिहिणारा कोणाच्या बाजूने उभा आहे हे जगाला कळले. जाहीर शब्दाचे काम हेच असते. म्हणून मंजुरीच्या ठरावातच दोन गोष्टी असाव्यात : पोलिसांच्या कारभारात कोणती सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत होणार, आणि चित्राची देखभाल कोण करणार. एवढे बांधून घेणाऱ्या नगरपरिषदेने असे चित्र निःसंकोच मंजूर करावे. आणि ज्या नगरपरिषदेला हे बांधून घ्यायचे नसेल, तिने रंगाचा डबाही उघडू नये.