आळ पाखरांवर का?

माकडतापाचे नाव निघाले की परदेशी पाखरांकडे बोट दाखविणारे अजून भेटतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, माणसेही दगावली. विषाणू सैबेरियाकडील विषाणूंच्या कुळातला निघाला; तेव्हा हिवाळी पाहुण्यांनीच तो आणला असावा, अशी शंका आली. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने सालीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पाखरांच्या पायांत कडी घातली. आरोप सिद्ध झाला नाही.

पण दूरचा आरोपी मिळाला की दारचे पाहावे लागत नाही! रोग पसरवितो तो रानातला गोचीड. आम्ही रान तोडले, तेथे गुरे सोडली. त्या गुरांच्या रक्तावर गोचीड पोसले. २०१५ साली सत्तरीत व २०१६ साली दोडामार्गात ताप चढला तो काजूच्या बागांत राबणाऱ्यांना.

माकड मेले की गोचीड त्याचे अंग सोडून तेथेच पाल्यात दबा धरतात. मारुतिरायाचे वानर म्हणून ते कलेवर हातांनी उचलून वाजतगाजत पुरणे ही आमच्या मते भक्ती नव्हे. दुरूनच हात जोडावेत. वनखात्यास व आरोग्यकेंद्रास कळवावे. एवढे देवळाच्या फळ्यावर लिहिण्यास ज्या देवस्थान समितीची हरकत असेल, तिने ती उघडपणे सांगावी.