स्वभावाला औषध नाही?

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण आपण सगळेच वापरतो. मेसमध्ये कुणी भाजीवरून भांडलं की वापरतो, रूम पार्टनर तिसऱ्यांदा न विचारता बादली घेऊन गेली की वापरतो. माझी आजी यावल तालुक्यातली. ती म्हणते, "स्वभावाले औषध राह्यतं का कुठी!" दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही यात गंमतच वाटायची. मग एका डॉक्टरांनी माझ्या कागदावर एक नाव लिहिलं आणि मला त्याचा अर्थ असा लागला की, माझा स्वभाव हाच माझा आजार आहे. म्हणजे मग औषध नाहीच!

नाव होतं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्लिश शब्द मला कळले. पंचाईत झाली घरी सांगताना. एका पुस्तकात "सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार" असं भाषांतर सापडलं. मम्मी म्हणाली, "सीमावर्ती म्हणजे काय गं, रावेरच्या पुढे एम.पी. लागतं तसलं?" आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो.

गंमत म्हणजे हे "सीमावर्ती" तसं जुनं आणि चुकीचंच नाव आहे. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ते वापरलं. तेव्हाच्या दोन ठरलेल्या कप्प्यांपैकी एकातही नीट न बसणारे, सीमेवरचे रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. १९८० मध्ये ते अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं. आज त्या यादीत एकूण नऊ लक्षणं आहेत आणि त्यातली किमान पाच असली की निदान होतं. आता आपण इंजिनिअर लोक, गणित करून बघा. नवातून पाच, सहा, सात, आठ किंवा नऊ निवडायचे एकूण प्रकार होतात २५६! म्हणजे हे नाव लागलेल्या दोन व्यक्ती एकमेकींपासून खूप वेगळ्या असू शकतात. तरी ऐकणारा मात्र एकच चित्र डोळ्यासमोर आणतो : भांडखोर, नाटकी, चिकटणारी, धमक्या देणारी मुलगी.

मग प्रत्यक्षात काय होतं? कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना लगेच कळेल. छोटासा इनपुट दिला की आउटपुट भलताच उसळतो आणि स्थिर व्हायला नको तितका वेळ लागतो. मैत्रिणीने मेसेज वाचून दोन तास उत्तर दिलं नाही, तर तुम्हाला वाटतं ती बिझी असेल. मला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, की ही आता मला सोडून गेली. मग मी नको ते बोलते. ती खरंच दूर जाते. मग मला स्वतःचीच इतकी घृणा येते की जगणं नको वाटतं. हे सगळं एका संध्याकाळी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रॅक्टिकल असतं. माझ्या बोलण्याने दुखावलेल्या मैत्रिणी इथे आहेत. आजार आहे म्हणून ते बोलणं माफ, असं मी म्हणणार नाही. त्यांची माफी मला मागायची आहे आणि काहींची मागितलीही आहे.

पण राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. माझी फाइल कुणीतरी उघडून वाचली आणि आठवड्याभरात माझ्यासाठी एक शब्द ठरला, "नाटक". ताप आला तरी नाटक. व्हायव्हाच्या आधी हात थरथरले तरी नाटक. एका दवाखान्यात मी पोटदुखीसाठी गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस." पोट तपासलंच नाही.

आपल्याकडे मनाचा आजार म्हटलं की लगेच "याला येरवड्याला पाठवा", "ठाण्याला पाठवा". राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं एकही आपल्या खान्देशात नाही, विनोद मात्र भरपूर आहेत!

याच खान्देशातला एक माणूस मला महत्त्वाचा वाटतो. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि "देवराई" (२००४) या चित्रपटाच्या पाठीशी उभे राहिले. २०१७ मध्ये ते गेले. "देवराई"मधला अतुल कुलकर्णींचा शेष पाहून कित्येक घरांना पहिल्यांदा कळलं असेल की हा आजार आहे, भूतबाधा नाही. आमच्या आजाराला असा सिनेमा मिळालेला नाही. स्किझोफ्रेनियाच्या माणसाला लोक निदान "बिचारा" तरी म्हणतात. आम्हाला म्हणतात, "मुद्दाम करते."

आता म्हणीकडे परत येऊ. स्वभावाला औषध नाही, हे एका अर्थी खरं आहे. खास या आजारावरची अशी गोळी अजून नाही. पण उपचार आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी तयार केली, १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. यात भावना ओळखायला, वादळ अंगावर येतं तेव्हा काही नासधूस न करता थांबायला, नीट शब्दांत मागायला शिकवतात. अक्षरशः गृहपाठ असतो! २०११ मध्ये या बाईंनी जाहीर केलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या. आणि अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या अभ्यासात असे २९० रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले गेले. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली गेली. पूर्ण घडी बसलेलं आयुष्य, म्हणजे त्याबरोबर नोकरी-शिक्षण आणि नातीही सांभाळणं, साधारण निम्म्यांनाच जमलं. हेही मी लपवत नाही. पण "कधीच सुधारणार नाही" हे साफ खोटं आहे.

मी महिन्यातून एकदा मनमाडला घरी जाते, तिथून नाशिकला थेरपीसाठी. मधले सेशन फोनवर होतात. हॉस्टेलमध्ये दार लावून बोलता येईल अशी एकही खोली नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते. भुसावळचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, वेगळं सांगायला नको!

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातून एक तास, कुणालाही कारण न विचारता वापरता येईल अशी एक बंद खोली द्या. मेसच्या नोटीस बोर्डावर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कुणाची फाइल वाचू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. सर, मॅडम, एखादी मुलगी रडत ऑफिसमध्ये आली तर आधी "काय झालं?" विचारा, "परत?" नको.

शेवटी नावाबद्दल. वाणी सरांचं कौतुक करून मी स्वतः मात्र निनावी लिहितेय, हे मला कळतं. संपादकांनी दोनदा विचारलं, नाव छापायचं का? मी स्वतःपुरतं हो म्हटलं असतं. पण माझ्या ताईसाठी सध्या स्थळं बघतायत आणि पप्पा म्हणाले, "थोडं थांब बेटा." मी थांबले. पप्पांवर माझा राग नाही. ज्या समाजात धाकटीच्या निदानाने थोरलीचं लग्न मोडू शकतं, तिथे बाप दुसरं काय म्हणणार? ज्यांनी फाइल वाचलीय त्यांना मी कोण ते कळेलच. त्यांना एवढंच सांगते, आता हेही वाचा.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी
(नाव संपादकांकडे आहे)