ढगांतील प्रमाण

आमच्या पुतण्याचा मुलगा वैमानिकाचें शिक्षण घेण्यासाठीं कॅलिफोर्नियास निघाला, तेव्हां घरांतील सर्वांच्या पायां पडून शेवटीं आमच्याकडे आला. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. आशीर्वादाबरोबर उपदेश केल्यावांचून आम्हांस कसें राहवेल? संशयाच्या प्रसंगीं सज्जनांना स्वतःच्या अंतःकरणाचा कौल हेंच प्रमाण, असें शाकुंतलांत दुष्यंत म्हणतो. तें सांगून आम्हीं म्हटलें, "बाळ, अडचण आली तर मन सांगेल तसें कर."

गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. आमचा उपदेश त्यानें पाळला असता तर काय झालें असतें, हें वाचून आमच्या अंगावर कांटा उभा राहिला.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्राचें पाणी थंड असतें. उन्हाळ्यांत त्यावरील दमट हवा निवून ढगांचा सखल थर बनतो, व सकाळीं तो किनाऱ्यावर पसरलेला असतो. हा थर बहुधा शांत असल्यामुळें शिकाऊ वैमानिकास ढगांतून प्रथम नेण्यास तो सोयीचा. डोळ्यांपुढें झांपड लावून केवळ यंत्रांवर विमान चालविण्याचा सराव मुलानें केला होता. पण झांपडीच्या कडेनें थोडा उजेड, थोडी जमीन दिसतेच. खऱ्या ढगांत शिरल्यावर कांचेबाहेर पांढऱ्या भिंतीवांचून कांहीं उरलें नाहीं.

थोड्या वेळानें विमान नकळत, अगदीं सावकाश डावीकडे कललें. यंत्राकडे लक्ष जातांच त्यानें तें झटकन सरळ केलें. आणि त्याच क्षणापासून विमान उजवीकडे कललें आहे असें त्याला वाटूं लागलें. "आजोबा, नुसतें वाटत नव्हतें, खात्री होती," असें तो लिहितो. हात पुन्हां डावीकडे वळूं लागला. शेजारीं बसलेले शिक्षक एवढेंच म्हणाले, "यंत्र वाच." त्यानें वाचलें व हात आवरला. कांहीं मिनिटांनीं थर संपून लख्ख ऊन आलें. पाहतो तों पंख क्षितिजाशीं समांतर!

असें कां होतें? आपल्या प्रत्येक कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रव हलला कीं शरीर वळल्याचें मेंदूस कळतें. पण वळण फारच सावकाश असलें तर तें कळत नाहीं. आणि एकसारखें चालू राहिलें तर द्रवहि नलिकेबरोबर फिरूं लागतो व वळण थांबल्याचा भास होतो. जमिनीवर ही चूक डोळे सुधारतात. ढगांत तो साक्षीदारच नाहींसा होतो. तेथें कृत्रिम क्षितिज नांवाचें यंत्र उपयोगी पडतें. त्याच्या जुन्या घडणींत वेगानें फिरणारा भोंवरा असतो. विमान कललें तरी भोंवऱ्याचा आंस आपली दिशा सोडीत नाहीं. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर अमेरिकन सैन्यांतील डूलिटल यांनीं झांकलेल्या बैठकींतून, बाहेर मुळींच न पाहतां, विमान उडवून पुन्हां उतरविलें. त्यांच्यापुढेंहि असेंच यंत्र होतें. सावधगिरी म्हणून पुढच्या बैठकींत दुसरा वैमानिक बसविला होता.

मग यंत्रावर तरी आंधळा विश्वास ठेवावा काय? नाहीं. यंत्रहि बिघडतें. म्हणून कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, उंचीमापक, वेगमापक यांवरून नजर सारखी फिरती ठेवावी लागते. विमान कललें असें एकानें सांगावें आणि दिशा मात्र बदलूं नये, असें झालें तर दोहोंपैकीं एकाची साक्ष संशयास्पद समजून तिसऱ्यास विचारावें. एका प्रमाणाची परीक्षा दुसऱ्यानें करण्याची ही रीत आमच्या नैयायिकांना परकी वाटली नसती.

पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां वहिनींनीं एकच विचारलें, "शिक्षक शेजारीं होते ना?" आम्हीं होय म्हटलें, पण पुढें एक दिवस शिक्षक शेजारीं नसतील, हें त्यांनाहि ठाऊक आहे.

उत्तरांत आम्हीं आपला उपदेश दुरुस्त करून पाठविला आहे. दुष्यंतापुढें प्रश्न धर्माचा होता, कानांतील द्रवाचा नव्हता. वचन खरें, तें भलत्या ठिकाणीं लावलें ही चूक आमची. ज्यांचीं मुलें अशा नव्या विद्या शिकावयास जात आहेत, त्या वडील मंडळींस आमची विनंती आहे, कीं आशीर्वाद भरपूर द्यावे. उपदेश मात्र त्या विद्येची थोडी विचारपूस करून मगच द्यावा.