मे महिन्यात कासव कोणाकडे?

वर्गात एखादा प्राणी पाळू या, असं बाईंनी म्हणायचा अवकाश, की लढत लागते ती पोपट आणि कासव यांच्यात. पोपट निवडून आलाच, तर पंचाईत बाईंची. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव तर त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे तेही बाद. मग उरतं ते दुकानातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं चिमुकलं कासव. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. आणताना मुठीत मावतं, वाढलं की जेवणाच्या ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे चौथीतल्या मुलाने निवडलेलं कासव त्याच्या लग्नाला हजर राहायचं! शिवाय त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलं अशी चिमुकली कासवं तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत 1975पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

आमच्याकडे अडचण आणखी वेगळी. डोंबिवली-कल्याणच्या कितीतरी शाळांत एकाच खोलीत सकाळी एक वर्ग बसतो, दुपारी दुसरा. मग प्राणी कोणाचा? माशांची टाकी ठेवली तर सकाळचे खायला घालतात, दुपारचे घालतात, आणि संध्याकाळी शिपाईमामांनाही दया येते. तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं, मासे उलटे. उपाशी राहून मरणाऱ्यांपेक्षा लाडाने मरणारे मासे जास्त. यातून वाचलेल्यांना दिवाळीची सुटी असते, आणि त्याहून मोठी मे महिन्याची. ‘आमच्याकडे आजी आहे’ म्हणत घरी नेलेलं कासव जूनपर्यंत आजीलाही नकोसं होतं. ठाण्यात तर तलावांना तोटा नाही. पिशवी उपडी करायला कितीसा वेळ लागतो! लाल पट्ट्याचा हा पाहुणा मग तिथल्या देशी कासवांच्या अन्नात आणि उन्हाच्या जागेत वाटेकरी होतो.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिथे प्राणी कोणी निवडला नव्हता. गाय-बकरी मुलांच्या रोजच्या कामातच होती. आपल्या वर्गात कुरण येणार नाही, हे कबूल. पण मुलांच्या रोजच्या ओळखीचं काही असेलच ना?

आहे. गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता. पावसाळ्यात कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी त्यावर मोहरीएवढी अंडी घालते. सुरुवातीची अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून बहुतेक घरी ती पुसून टाकली जाते. पुढे ती हिरवीगार होते. डिवचली की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते, की शेवटचा बाकही जागा होतो. फांदीसकट बरणीत ठेवायची, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. पानं सकाळच्यांनी घालायची, लेंड्या दुपारच्यांनी झाडायच्या. बाजारातली जुडी मात्र नको, तिच्यावर फवारणी असू शकते. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, जेमतेम महिन्याभरात सगळा कारभार आटोपतो. सुटीत सांभाळायला कोणाची आजी लागत नाही.

पोपटाला मत दिलेली मुलं पहिले दोन दिवस तोंड वाकडं करतील. करू देत. पण शनिवारी शाळा सुटताना कोष काळपट दिसू लागला, आतून पंखांवरचे पांढरे ठिपके उमटले, तर बरणीचं कापड तेवढं काढायचं आणि खिडकीचं एक दार उघडं ठेवायचं. सोमवारी सकाळचे आधी येतील, तेव्हा काडीला रिकामं टरफल लटकत असेल. ते दुपारच्यांना दाखवायला ठेवायचं की नाही, यावरून भांडण होईल.