आवाजांना थोपवून धरणारा अल्बम

गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेत गायकांना अग्रस्थान असावे, ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी ‘द टेम्प्टेशन्स’ या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय गायकवृंदाच्या ‘ऑल डायरेक्शन्स’ (1972) या अल्बममधील प्रमुख गीतात पहिला शब्द उमटण्यापूर्वी जवळपास चार मिनिटे केवळ वाद्येच वाजत राहतात. चर्चमधील गॉस्पेल भक्तिगायनाची आर्तता आणि ‘रिदम अँड ब्लूज’ या लौकिक संगीताची लय यांच्या संयोगातून घडलेल्या सोल शैलीत हा प्रकार धाडसाचाच होता.

या वृंदाच्या मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीत सामान्यतः वाद्यसंगीत आधी मुद्रित होई आणि गायक त्यावर नंतर आपले आवाज चढवीत; त्यामुळे गीताच्या अंतिम रूपावर निर्मात्याचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाची आखणी आणि जुळणी करणाऱ्या व्यक्तीचा, मोठा अधिकार चाले. या अल्बमचे निर्माते नॉर्मन व्हिटफील्ड यांनी या अधिकाराचा पुरेपूर वापर केला. बॅरेट स्ट्राँग यांच्यासह रचलेले ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ हे प्रमुख गीत त्यांनी आधी ‘द अनडिस्प्यूटेड ट्रूथ’ या वृंदाकडून गाऊन घेतले होते; परंतु या अल्बममध्ये तेच गीत जवळपास बारा मिनिटांपर्यंत विस्तारले. स्वरसंगती जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहावर, स्थिर ठेवून, बास गिटारची आवर्ती स्वराकृती, पायाच्या पेडलने गिटारच्या नादाची उघडझाप करणारे वाह-वाह तंत्र, प्रतिध्वनियुक्त ट्रम्पेट आणि पॉल रायझर यांनी योजलेली तंतुवाद्ये यांच्या थरांतून त्यांनी ताण वाढवीत नेला.

प्रेमगीतांकडे ओढा असलेल्या गायकांना वाद्यांचे हे वर्चस्व रुचले नव्हते. गीताचा परिणाम मात्र याच विलंबावर उभा आहे. गीतातील मुले मृत, बेजबाबदार पित्याविषयी आईला प्रश्न विचारतात आणि हे प्रश्न डेनिस एडवर्ड्स, मेल्व्हिन फ्रँकलिन, रिचर्ड स्ट्रीट व डेमन हॅरिस यांच्या खर्जापासून तारस्वरापर्यंतच्या आवाजांत वाटलेले असल्यामुळे एकाच कुटुंबातील निरनिराळी भावंडे बोलत असल्याचा प्रत्यय येतो. एकट्या गायकाला साधणार नाही असे हे नाट्य आहे, आणि ते उभे राहण्यासाठी आधीची दीर्घ अस्वस्थता आवश्यक ठरते.

एकल ध्वनिमुद्रिकेसाठी सुमारे सात मिनिटांपर्यंत आटोपलेले हे गीत डिसेंबर 1972 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि त्याला पुढील वर्षी तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी एक त्या एकल ध्वनिमुद्रिकेच्या मागील बाजूच्या, केवळ वाद्यांच्या आवृत्तीला होता. या यशाने व्हिटफील्ड यांचा वाद्यप्राधान्याचा आग्रह अधिकच बळावला. ‘मास्टरपीस’ (1973) या पुढील अल्बमच्या जवळपास चौदा मिनिटांच्या शीर्षकगीतात गायकांच्या वाट्याला अल्प भाग उरला आणि 1974 पर्यंत वृंद व निर्माता यांची फारकत झाली. ‘ऑल डायरेक्शन्स’मध्ये मात्र वाद्यांनी अडवलेली वाट गायकांनीच अखेर अर्थपूर्ण केली; वृंदगायनाची शक्ती आवाजांच्या सततच्या उपस्थितीत नव्हे, तर त्यांच्या नेमक्या वाटपात असते, हे त्यातून सिद्ध होते.