मोन्सेरातचे दान

स्पेनमधील बार्सिलोनाजवळ करवतीसारख्या सुळक्यांचा मोन्सेरात पर्वत आहे. तेथील बेनेडिक्टाइन मठ इ.स. १०२५ मध्ये स्थापन झाला. मठाच्या मंदिरात श्यामवर्ण मेरीमातेची १२व्या शतकातील काष्ठमूर्ती असून, तिच्या दर्शनासाठी यात्रेकरू पायवाटेने वा दातेरी रुळांच्या रेल्वेने वर चढतात.

मार्च १५२२ मध्ये इग्नेशियस लोयोला हा योद्धा येथे आला. त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली, स्वतः जाडेभरडे वस्त्र ल्याला आणि रात्रभर जागून आपली तलवार मातेपुढे सोडली. परंतु त्या वस्त्रांमुळे भिकाऱ्यावरच चोरीचा आळ आला. ते कळताच इग्नेशियसच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले.

तलवार सोडताना न रडलेला हा वीर येथे रडला. दान हातावेगळे झाले तरी दात्याची जबाबदारी सरत नाही. घेणाऱ्याची प्रतिष्ठाही त्यानेच जपावयाची असते.