जुन्या मिनी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स: दुरुस्त करायचा, की बदलायचा?



मागच्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका तरुणाचा फोन आला. त्याच्याकडे १८ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर आहे, सेकंड हँड घेतलेला. त्याला मागे ब्लोअर जोडून तो द्राक्षबागांची फवारणी भाड्याने करून देतो. आता दुसरा गिअर चढावर आपोआप सुटतो आणि आतून करकर आवाज येतो. मेकॅनिक म्हणाला, खोलावा लागेल. भंगारवाला म्हणाला, माझ्याकडे अख्खा गिअरबॉक्स पडलाय, घेऊन जा. डीलर म्हणाला, कशाला डोकं लावतोस, एक्सचेंजमध्ये नवीन घे. आणि हा मला विचारतो, "सर, काय करू?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी नीट तपासा, मग खोला, आणि शक्य असेल तोवर दुरुस्तच करा. भंगारातला न उघडलेला गिअरबॉक्स आणून बसवणं हा तिघांतला सगळ्यात वाईट मार्ग. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, मी स्वतः ते केलंय.

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी माझाही एक छोटा ट्रॅक्टर भाड्याने चालायचा. गिअरबॉक्स गेला तेव्हा सीझन तोंडावर होता. दुरुस्तीला दहा दिवस लागणार होते आणि भंगारातला दोन दिवसांत बसणार होता. मी दोन दिवसांचा रस्ता धरला. वरून पुसून, रंग मारून दिलेला माल होता, आत काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही. तिसऱ्या आठवड्यात बेअरिंग फुटलं, त्याचे तुकडे दातांत गेले आणि ट्रॅक्टर एका बागेच्या मधल्या ओळीत अडकला. बैल लावून बाहेर काढला. पैसे गेले ते गेलेच, पण त्या आठवड्यात माझी दोन कायमची गिऱ्हाइकं दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे गेली आणि परत आली नाहीत. त्यांचं काय चुकलं? पाऊस पडून गेल्यावर डाऊनी येतो, तेव्हा फवारणी आजच लागते. माझा गिअरबॉक्स दुरुस्त होईपर्यंत बुरशी थांबत नाही.

म्हणून पहिलं काम, आजार कोणता ते ओळखणं. गिअर टाकताना आवाज आला की सगळे गिअरबॉक्सला दोष देतात. पण उभ्या ट्रॅक्टरला कोणताही गिअर टाकताना, रिव्हर्ससुद्धा, करकर होत असेल, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडलचा फ्री प्ले तपासा. ॲडजस्टमेंटवर भागलं तर खर्च जवळपास शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग बघा. आणि एकच गिअर सुटत असेल, जसं या तरुणाचं होतंय, तर एकतर त्या गिअरचे दात गोल झालेत, नाहीतर शिफ्टरचा फोर्क घासलाय, नाहीतर शिफ्टरला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग कमजोर झालीय. ही स्प्रिंग बऱ्याच गिअरबॉक्समध्ये वरचं झाकण काढलं की हाताला लागते. अख्खा ट्रॅक्टर फोडायच्या आधी ते झाकण काढायला सांगा. मेकॅनिकला हे सांगताना संकोच करू नका. ट्रॅक्टर तुमचा आहे.

दुसरं, तेल. थोडं तेल काढून काचेच्या बाटलीत धरा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सील गेलेत. तेल काढायच्या बोल्टला चुंबक असेल तर त्याच्यावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी मऊ लेप असेल तर तो नेहमीचा घासारा, घाबरू नका. टोचणारे तुकडे, पापुद्रे असतील तर दात किंवा बेअरिंग तुटलंय आणि त्या क्षणापासून ट्रॅक्टर चालवायचा नाही. "एवढी एक बाग करून घेतो" म्हणत लोक चालवतात आणि एका गिअरचं काम चार गिअरवर नेऊन ठेवतात.

आता हिशोब. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाकून बघा. समजा डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता दिवसाला २,५०० रुपये हातात राहतात आणि सीझनला पक्कं काम ६० दिवस आहे. दुरुस्तीचा अंदाज ३५,००० रुपये, म्हणजे १४ दिवसांची कमाई. भंगारातला गिअरबॉक्स मजुरीसह २२,००० रुपये, म्हणजे साधारण ९ दिवस. इथेच माणूस फसतो. तो भर सीझनमध्ये गेला तर सहा दिवस ट्रॅक्टर उभा, म्हणजे १५,००० रुपये बुडाले, वर परत खोला-जोडीची मजुरी ६,००० रुपये. एकूण ४३,०००, आणि एवढं करून तुमच्या हातात काय? एक बिघडलेला गिअरबॉक्स. गेलेली गिऱ्हाइकं मी यात धरलेलीच नाहीत, कारण त्यांचा आकडा मला आजही काढता येत नाही.

नवीन ट्रॅक्टरचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे "आता घेऊनच टाक" असं म्हणणारे वाढलेत. बरोबर आहे, नवीन स्वस्त झाला. पण त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे डीलर तुम्हाला सांगणार नाही. दुरुस्तीही स्वस्त झाली ना! आणि हप्ता बघा. समजा सहामाही हप्ता ४८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,०००. आपल्याच उदाहरणात ६० पैकी ३८ दिवस तुम्ही फक्त बँकेसाठी फवारणी करणार. काम वाढलंय, गिऱ्हाइकं परत पाठवावी लागतायत, म्हणून नवीन घेत असाल तर जरूर घ्या. गिअरबॉक्सचा राग आला म्हणून घेऊ नका.

काही जण मला अमेरिकेतल्या लॉन ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाठवतात. "सर, ते लोक सरळ अख्खं ट्रान्समिशन काढून दुसरं बसवतात." हो, बसवतात, आणि त्यांच्या जागी ते बरेचदा बरोबरही असतं. तिथल्या घरगुती गवत कापायच्या ट्रॅक्टरमध्ये पुष्कळदा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. बदलायचे गिअर नसतात, पंप आणि मोटर तेलाच्या दाबावर चाक फिरवतात, आणि हलक्या मॉडेलमध्ये हे सगळं एका बंद डब्यात असतं. त्यात तिथली मजुरी महाग. खोलून दुरुस्त करण्यापेक्षा डबा बदलणं परवडतं, आणि मशीन फारच जुनं असेल तर तेही परवडत नाही. आपल्या मिनी ट्रॅक्टरमध्ये साधे लोखंडी गिअर आहेत, सुटे मिळतात, आणि ते बसवणारा माणूस तालुक्याच्या गावी आहे. त्यांचं उत्तर आपल्या प्रश्नाला लागू नाही.

बदलणं योग्य ठरतं अशा वेळाही आहेत. हाउसिंगलाच तडा गेलाय. क्राऊन-पिनियनपासून सगळे दात एकदम गेलेत. मॉडेल बंद पडून सुटे भाग मिळेनासे झालेत. अशा वेळी जुना गिअरबॉक्स घ्यावा लागला तर तुमच्या मेकॅनिकसमोर झाकण उघडून, दात आणि बेअरिंग बघूनच घ्या. विकणारा उघडू देत नसेल तर तिथून चहा न पिता निघा. अजून एक गोष्ट फार कमी जण बघतात. अशा ट्रॅक्टरांना बहुधा कारसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग हाच त्याचा सांगाडा. काही मॉडेलमध्ये चेसिस नंबर त्याच हाउसिंगवर कोरलेला असतो. दुसऱ्याचं हाउसिंग बसवलं की आरसीवरचा नंबर एक आणि गाडीवरचा दुसरा. उद्या विमा, विक्री, तपासणी, सगळीकडे अडचण. तुमच्या ट्रॅक्टरचा नंबर नक्की कुठे आहे ते आधी शोधा आणि शंका असेल तर आरटीओत विचारून मगच हात लावा.

दुरुस्ती ठरली की मेकॅनिककडून अंदाज कागदावर घ्या, पार्टचे वेगळे, मजुरीचे वेगळे. काढलेले जुने पार्ट परत मागा. घासलेला गिअर एकटा बदलू नका, त्याच्या जोडीचाही बदला, नाहीतर जुना दात नव्याला खातो. ट्रॅक्टर फोडलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, ऑइल सील तपासून घ्या, कारण त्याच मजुरीत ते काम होतं. इथे कंजूसपणा करून पाचशेचं सील वाचवणारे मी बरेच पाहिलेत.

आणि वेळ. निफाड-पिंपळगाव पट्ट्यात गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते, आणि त्यानंतर ब्लोअरला उसंत नसते. म्हणजे खोलायचं ते ऑगस्टमध्ये. तुमचं काम भाताच्या चिखलणीचं असेल तर मे महिना गाठा. तुमच्या सीझनच्या आधीचे सहा आठवडे कॅलेंडरवर आजच मारून ठेवा.

त्या तरुणाने वरचं झाकण काढून घेतलं. स्प्रिंग ठीक निघाली, दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले होते आणि फोर्क एका बाजूने घासलेला. परवा त्याने फोटो पाठवला, ट्रॅक्टर शेडमध्ये दोन भागांत उभा, खाली विटा लावलेल्या. गिअरची जोडी, फोर्क आणि दोन बेअरिंग कंपनीच्या दुकानात मागवलीत, गुरुवारी येतील म्हणतात. छाटणीला पाच आठवडे आहेत. तोवर शेजारच्या गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेव, असं मी त्याला सांगितलंय: माझं उशिरा झालं तर माझ्या गिऱ्हाइकांची पहिली फवारणी तू कर, भाडं तुझं. तो अजून कबूल झालेला नाही. म्हणतो, "सर, गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहिलं तर?"